मोरसचा भाऊबंद

"सागरमाळावर जायाचं न्हवं?" टांगेवाल्यानं विचारलं आणि सोमनाथ राघूला बरं वाटलं. तो मॉरिशसचा, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावरचा. विद्यापीठाशेजारी निदान मोठं पाणी तरी असेल, अशी त्यानं मनाशी समजूत करून घेतली. टांगा राजारामपुरीच्या गल्ल्या मागं टाकून चढाला लागला, घोड्याच्या तोंडाला फेस आला, आणि वर पोचल्यावर दिसला तो नुसता माळ. मुरमाड जमीन, वाळलेलं गवत, मध्येच उभी असलेली विद्यापीठाची दगडी इमारत आणि कानात शिरणारा वारा.

"सागर कुठे आहे?" त्यानं विचारलं.

टांगेवाला मागं वळून हसला. "नाव हाय ते, पावणं. हितं प्यायाचं पाणी सुदीक खालनं आणाय लागतंय."

ही एकाहत्तर सालातली गोष्ट. विद्यापीठ होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. सोमनाथ आपल्या बेटावर शाळामास्तर होता. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तो मराठीत एम. ए. करायला आला होता. त्याचा पणजा उसाच्या मळ्यात राबायला म्हणून बोटीत बसून तिकडं गेला, तो तिथंच संपला. घरात मराठी उरली होती ती आजीच्या ओव्यांपुरती, गणपतीच्या आरत्यांपुरती आणि दर रविवारी देवळात भरणाऱ्या वर्गापुरती. त्यामुळं सोमनाथ बोलायचा ते छापल्यासारखं. पानपट्टीवाल्यानं सुटे पैसे दिले तर "मी आपला आभारी आहे" म्हणायचा आणि पानपट्टीवाला आजूबाजूला बघायचा, की हा नक्की बोलतोय कुणाशी.

निघताना त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं की त्या भूमीवर पाय ठेवलास की तुझं तुलाच कळेल, ऊर भरून येईल. मुंबईत बोटीतून उतरला तेव्हा ऊर भरून आला नाही. दमला असेन, असं त्याला वाटलं. कोल्हापुरातही आला नाही. लोक बरे होते, ऊन बरं होतं, शेताकडेनं ऊस होता तोही थेट घरच्यासारखा होता. पण आत काही हललं नाही. याची त्याला थोडी लाज वाटायची. कुणाला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून त्यानं चालायला सुरुवात केली. चालून चालून कुठल्या तरी कोपऱ्यावर ते भेटेल, असा त्याचा हिशेब.

चालायला निमित्तही होतं. वसतिगृहात दिवाळीपर्यंत जागा नव्हती आणि खोली शोधणं भाग होतं. राजारामपुरीच्या गल्ल्यांना नावं नव्हती, नंबर होते, त्यामुळं चुकायची भीती नव्हती. तो एकेका गल्लीत शिरे आणि दारं वाजवी.

"कुठलं पावणं?"

"मॉरिशसचा."

"मिरजंचं व्हय? मग रोज रेल्वेनं येवा-जावा की. खोली कशाला?"

आडनाव सांगितलं की पुढची पंचाईत. "राघू? म्हंजी पिंजऱ्यातला?" असं म्हणून एका घरमालकानं आतल्या माणसांना बाहेर बोलावून घेतलं. दुसऱ्यानं जात विचारली. सोमनाथ म्हणाला, "आम्ही मराठे म्हणवतो." त्यावर त्या माणसानं शांतपणे विचारलं, "म्हणवता, का हाय?"  हे सोमनाथला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी इकबालचं सायकलचं दुकान होतं. तिथं भाड्यानं सायकली मिळायच्या आणि जगाची बातमीही मिळायची. सोमनाथला दोन-तीनदा रिकाम्या हातानं परतताना बघून इकबालनंच हाक मारली. "अहो साहेब, गल्लीत कशाला हिंडताय? गल्ली संपती तिथनं फुडं जावा. बनाबाईच्या गोठ्याला लागून खोल्या हायत. म्हशीचा वास चालत असंल तर बघा."

गल्ली संपायची तिथं प्राध्यापकांचे नवे बंगले सुरू व्हायचे. सपाट छपरांचे, पिवळ्या-गुलाबी रंगाचे, दारात जास्वंद लावलेले. आणि त्या बंगल्यांच्या अगदी मधोमध, चुकून राहून गेल्यासारखं, एक कौलारू घर होतं. पुढं गोठा, गोठ्यात म्हशी, कडेला पत्र्याच्या खोल्या. बनाबाई सरनाईक म्हशीला पेंड चारत होती. पासष्टीची असेल. काटक अंग, जुनं नऊवारी, कपाळावर हिरवं गोंदण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोटी मूल नाही. दूध आणि खोल्यांचं भाडं यावर तिचं चालायचं.

"नाव काय म्हनलास?"

"सोमनाथ राघू."

तिचा हात पेंडीच्या बुट्टीत तसाच राहिला. "राघू? आडनाव राघू कसं असंल रं?"

सोमनाथनं समजावून सांगितलं. बोटीवर चढवताना साहेब एकेकाचं नाव विचारायचा. पणज्यानं स्वतःचं नाव सांगितलं, राघू. साहेबानं तेच लिहून घेतलं. मग मुलाचं तेच आडनाव झालं, आणि पुढं सगळ्यांचंच.

"बोटीनं कुठं गेलाता?"

"मॉरिशसला. बेट आहे. तिथे ऊस..."

"मोरस!" बनाबाई म्हणाली. "साखरंचा मोरस? आमच्या ल्हानपणी मोरस साखर यायची की रं. पांढरीफेक. सण असला की आणायची." आणि मग तिनं बुट्टी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि त्याच्या तोंडाकडं असं काही बघत राहिली की सोमनाथनं नकळत केसांवरून हात फिरवला.

खोली मिळाली. त्याबरोबर जे मिळालं ते त्याला चार दिवसांनी कळलं.

बनाबाईच्या नवऱ्याच्या आज्ज्याला एक धाकटा भाऊ होता, राघू. बेंदराच्या दिवशी, बैलांच्या सणाला, मिरवणुकीत कुणाचा बैल पुढं जायचा यावरून दोघा भावांत जुंपली. थोरल्यानं आपला बैल पुढं दामटला. धाकट्यानं आपल्या बैलाची झूल काढली, खांद्यावर घोंगडं टाकलं आणि निघाला तो निघालाच. गगनबावड्याच्या घाटाच्या वाटेला लागलेला कुणीतरी पाहिला. त्यानंतर काही पत्ता नाही. मेला म्हणावं तर कुणी बघितलं नाही, जिवंत म्हणावं तर कुणी भेटलं नाही. बनाबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला सांगून ठेवलं होतं की पितरांच्या पंधरवड्यात एक पान राघूचं वाढायचं. बनाबाई ते इतकी वर्षं वाढत होती. न बघितलेल्या माणसाचं पान.

"आणि तू त्याचा पणतू," ती म्हणाली. "माझा पुतण्या लागतोस. मला काकी म्हन."

सोमनाथनं तिला नीट सांगितलं. आपला पणजा कोकणातला होता, समुद्रकाठचा. आजोबा तसं सांगत असत. तो मासे पकडायचा.

बनाबाईनं हात झटकला. "घाट उतरल्याबिगार बोट कुठली गावायची? कोकणातनंच गेला असणार की! मोरसवाल्यांनी इच्यारलं असंल कुठनं आलास, तर कोकणातनं, म्हनला असंल."

या तर्काला तोड नव्हती. सोमनाथनं आणखी एकदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. राघू नावाची माणसं काय कमी असतील, हे त्याला दिसत होतं. पण म्हातारीला त्यात काही मिळत होतं आणि त्याचं काही जात नव्हतं. शिवाय रोज पहाटे धार काढली की पितळी तांब्याभर निरसं दूध त्याच्या दाराशी यायला लागलं होतं.

मग बनाबाईनं त्याला ती वस्ती दाखवायला सुरुवात केली. सोमनाथ महिनाभर जिथं एकटा हिंडला होता तीच वस्ती. पण तिच्याबरोबर हिंडताना ती वेगळीच निघाली. तो बंगले बघायचा, ती बंगल्याखालचं शेत बघायची. "हे आमचं खळं," असं म्हणून ती सरळ एका प्राध्यापकाचं फाटक उघडून आत शिरली. व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या बाई उठून उभ्या राहिल्या, आणि बनाबाईला ओळखून पुन्हा बसल्या. त्यांना सवय होती. "हितं मळणी हुयाची. हितं तिवडा हुता, मधला खांब. आता बघ, झोपाळा टांगलाय." पुढच्या घराच्या मोरीपाशी आमराईतलं शेवटचं झाड होतं. विजेच्या खांबापाशी बांध होता. इकबालच्या दुकानामागं गुऱ्हाळ चालायचं, आणि चुलाण जळायला लागलं की वास थेट खाली गावापर्यंत जायचा.

सोमनाथ ऐकायचा, मान हलवायचा. उसाच्या रसाचा वास त्याला माहीत होता. एकदा ती बोलता बोलता रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "ह्याच वाटंनं गेला बग राघू." समोरून प्राध्यापकांची मुलं शाळेतून येत होती. सोमनाथनं त्या वाटेकडं पाहिलं. डांबरी रस्ता, कडेला पाण्याचा नळ, नळावर घागरी. एका माणसाचं घोंगडं पांघरलेलं पाठमोरं अंग डोळ्यांपुढं आणायचा त्यानं प्रयत्न केला. आलं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं की आलं असतं तर बरं झालं असतं.

बनाबाईच्या सख्ख्या दिराचा मुलगा हंबीरराव पलीकडच्याच आळीत राहायचा. चाळिशीचा, पांढरी टोपी, मोटारसायकल. घराण्याच्या जमिनीतला शेवटचा मोठा तुकडा, विद्यापीठाच्या रस्त्याला लागून असलेला, त्याच्या ताब्यात होता. त्यानं तिथं चुना मारून प्लॉट पाडले होते आणि शिक्षकांची एक सोसायटी तो सगळा तुकडा घ्यायला तयार झाली होती. चुलतीनं मोरसचा पुतण्या शोधून काढल्याचं ऐकल्यावर तो आधी हसला, मग येऊन सोमनाथला बघून गेला, आणि मग एकदम हरखला. घराण्यातला माणूस परदेशात! सातासमुद्रापलीकडं सरनाईकांची शाखा! त्यानं रविवारी जेवणच ठेवलं.

बकरं पडलं. मांडव नव्हता, पण दारात सतरंज्या पडल्या, भाऊबंद जमले, दोन-चार प्राध्यापकही आले. हंबीररावानं स्वतः सोमनाथला फेटा बांधला. फेटा बांधताना त्यानं कापड असं ओढलं की सोमनाथच्या भुवया वर गेल्या. आरसा समोर धरला तेव्हा त्यात दिसलेला माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता, पण वाईटही नव्हता. डोक्याभोवतीचा तो ताण त्याला आवडला. हंबीररावानं चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा कोकणाचं बोलावं असं त्याच्या मनात आलं. समोर बनाबाई बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. सोमनाथ म्हणाला, "आपण मला आपला मानलंत, याबद्दल मी आपला ऋणी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंगत बसली. रश्श्याची बादली दुसऱ्यांदा फिरत होती तेव्हा आकाराम बोलला. आकाराम हा भाऊबंदांतला म्हातारा. उभा जन्म कोर्टाच्या पायऱ्या झिजवून निम्मा वकील झालेला.

"हंबीर," तो हाड चोखत म्हणाला, "थोरल्याचा वंस तुम्ही. धाकट्याचा वंस ह्यो. मग ह्येचा वाटा निम्मा हुतोय की रं."

कुणीतरी हसलं. मग तेही थांबलं. वाढपी बादली घेऊन तसाच उभा राहिला. हंबीररावानं भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात न घालता ताटात ठेवून दिला.

"जेवा की," तो सगळ्यांना म्हणाला. "गार व्हाय लागलंय."

पण जेवण गार झालं होतं. प्राध्यापक लवकर उठले. बनाबाईला यातलं काही जाणवलं नसावं; ती सोमनाथच्या ताटात आणखी एक भाकरी घालून म्हणाली, "खा रं लेकरा, अंगात कायबी न्हाई तुझ्या."

दोनच दिवसांत हंबीरराव खोलीवर आला. चप्पल बाहेर काढून, खाटेच्या कडेवर अवघडून बसला. पोरगं तसं भलं आहे हे तोही जाणून होता. "तसं काय न्हाई हो," त्यानं सुरुवात केली, "पर सोसायटीच्या शेक्रेटरीच्या कानावर गेलंय. त्यो म्हंतोय, आदी भाऊबंद मिटवा, मग खरेदी. तुमी एक हक्कसोड लिहून द्या. म्हंजी माझा हक्क न्हाई, मी सोडला, एवढंच."

"पण माझा हक्क नाहीच," सोमनाथ म्हणाला. "मी तुमच्या घराण्यातला नाही. माझा पणजा कोळी असावा. मी काकींना हे सांगितलं होतं."

"मग सोडाय काय हरकत हाय?"

"जे नाही ते सोडू कसं?"

हंबीरराव विचारात पडला. गडी प्रामाणिक होता, त्यामुळं त्याला ते पटलंही आणि पटून अडचणही झाली. तो आकारामकडं गेला. आकारामनं उलटंच सांगितलं. हक्कसोड मुळीच घेऊ नको. घेतलीस म्हणजे याचा हक्क होता हे तूच कबूल केलंस. उद्या ह्याचे भाऊ, चुलते, सगळा मोरस येऊन बसेल तुझ्या बांधावर. तेव्हा कागद नको. हे झेंगट ज्या तोंडातून निघालं त्याच तोंडानं ते मागं घ्यायला पाहिजे.

या दिवसांत सोमनाथनं इकबालच्या दुकानात बराच वेळ काढला. इकबाल वाकड्या चाकाचा आऊट काढता काढता म्हणाला, "तुमी तुमच्या तोंडानं सांगून टाका की गावाला, न्हाई म्हणून."

"सांगितलं."

"मग?"

"ते म्हणतात, तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे."

इकबालनं चाक गरकन फिरवलं आणि त्याची लहर बघत राहिला. "त्येबी खरंच हाय," तो म्हणाला.

एका सकाळी हंबीरराव, आकाराम आणि सोसायटीचे सेक्रेटरी बनाबाईच्या सोप्यात येऊन बसले. सोमनाथला बोलावणं नव्हतं, पण खोलीतून सगळं ऐकू येत होतं, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. हंबीररावानं देव्हाऱ्यातली खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी आणून चुलतीपुढं ठेवली होती.

"काकू, भंडारा उचलून सांग. ह्यो पोरगा आपल्या घराण्यातला हाय, का न्हाई."

बनाबाई वाटीकडं बघत राहिली. "आणि हाय म्हनले तर?"

"तर माझी पोरं उघड्यावर पडत्यात. सोसायटी गेली म्हंजी गेली." हंबीररावाचा आवाज चढला नव्हता. "ह्यालाबी कोर्टात यावं लागंल. शिकाय आलाय त्यो. तारखा खेळत बसंल."

सोमनाथ पुढं झाला. "काकी, मीच सांगतो. मी तुमचा कुणी नाही. मला ते पहिल्यापासून माहीत होतं. माझी चूक झाली, मी रविवारी बोलायला हवं होतं."

"तू गप," बनाबाई म्हणाली.

ती उठली. चुलीपाशी जाऊन हात धुऊन आली. मग वाटीतला भंडारा चिमटीत घेऊन तिनं कपाळाला लावला आणि वाटी उचलली.

"राघूचं पान मी वाढती ते वाढनार. त्यात कुनी पडायचं न्हाई. ह्या पोराचा आनि त्येचा काय संबंद न्हाई. ह्यो कोकनातला हाय. खंडोबाची आन."

सेक्रेटरी "बरं झालं, बरं झालं" असं म्हणत उठले. आकारामनं पान काढून तोंडात घातलं. हंबीरराव चुलतीच्या पाया पडायला वाकला तेव्हा तिनं पाय मागं घेतले नाहीत, आणि हातही डोक्यावर ठेवला नाही.

त्या दिवसापासून दूध दाराशी येणं थांबलं असं नाही; येत राहिलं. फक्त बनाबाई त्याला "मास्तर" म्हणायला लागली. "मास्तर, दूध ठेवलंय." "मास्तर, खोलीची किल्ली विसरलासा." त्याच्याशी बोलताना ती अहो-जाहो करायची, बाकीच्या भाडेकरू पोरांना अरे-तुरे करत असतानाही. सोमनाथनं एक-दोनदा काकी म्हणून हाक मारली. तिनं ऐकलं नसल्यासारखं केलं. मग तोही इतरांसारखं "मावशी" म्हणायला लागला. त्याला तिनं ओ दिली.

आपल्याला हे लागतंय, हे त्याला आठवड्याभरानं कळलं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. जे त्याचं नव्हतंच ते गेलं होतं. तो पुन्हा एकटा हिंडायला लागला. खळं, आमराई, बांध, गुऱ्हाळ. कुणी न दाखवताही आता त्याला ते दिसायचं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

दिवाळीनंतर वसतिगृहात जागा झाली. हंबीररावानं त्याची ट्रंक न्यायला स्वतःचा गडी आणि बैलगाडी पाठवली. बनाबाई रेडकाला पाजत होती. "सांबाळून जावा," ती तिथूनच म्हणाली.

सोसायटीची खरेदी झाली. दुसऱ्या वर्षी माळावर पाया खणायचं काम सुरू झालं, ट्रक येऊ-जाऊ लागले, आणि वसतिगृहाच्या खिडकीतून सोमनाथला विटांचे ढीग दिसायला लागले. त्या उन्हाळ्यात एका दुपारी हंबीरराव वसतिगृहावर आला, हळद-कुंकू लावलेली पत्रिका घेऊन. थोरल्या मुलीचं लग्न होतं.

"याया पायजे," तो म्हणाला. "झालं गेलं इसरा. खरेदीपत्रं समदी झाली आता. काय अडचन न्हाई." आणि हे बोलणं कसं ऐकू जाईल याची कल्पनाही नसल्यासारखा तो मनापासून हसला. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं. पाऊस थांबल्यावर माणूस छत्री मिटतो, तितकंच ते होतं.

सोमनाथ गेला. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि हंबीररावानं त्याला दंडाला धरून व्याह्यांपुढं नेलं. "ह्ये आमचं भाऊ. मोरसला असत्यात. आमच्या राघूआज्ज्याचं पणतू."

व्याही उठून उभे राहिले. नमस्कार झाले. कुणीतरी फेटा आणायला धावलं. बनाबाई तिथंच खांबाला टेकून बसली होती, लग्नातल्या वडीलधाऱ्या बाया बसतात तशी.

"हंबीर, खोटं बोलू नगं," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण व्याह्यांनी ऐकला.

"अगं काकू, आता काय..."

"मी भंडारा उचललाय. पोरगं कोकनातलं हाय. तू इकडं एक, तिकडं एक बोललास तर चालतंय तुला. मला चालत न्हाई."

फेटा घेऊन आलेला माणूस मध्येच थांबला. हंबीररावानं काहीतरी थट्टेवारी नेलं, व्याही समजूतदारपणे हसले आणि पंगतीची घाई सुरू झाली. सोमनाथ तिथंच उभा होता. एवढ्या माणसांत राघूला खरं मानणारी ही एकटी बाई होती, असं त्याला वाटलं. तिनं त्याला आपलं म्हटलं ते खरं म्हणून, आणि नाही म्हटलं तेही खरं करून दाखवलं. बाकीच्यांना दोन्ही सारखंच होतं. त्यालाही, सुरुवातीला.

तो तिच्याजवळ जाऊन बसला. 

"मावशी, बरं केलंत," तो म्हणाला.

"बरं कसलं. जेवलासा का?"

"नाही अजून."

"जेवून जावा." मग पदर सारखा करत तिनं विचारलं, "कोकनात जाऊन आलासा का कदी?"

"नाही."

"जावा की. तुमचं कुनीतरी असंल तिकडं. कुनीतरी पान वाढत असंल. त्यास्नी कळाय नगं व्हय?"

परीक्षा झाल्यावर तो खरंच गेला. गगनबावड्याचा घाट उतरून एस. टी. समुद्राशी पोचली तेव्हा खारा वारा नाकात शिरला आणि त्याला सरळ घरची आठवण झाली, बेटाची. त्यानं दोन-तीन कोळीवाडे पालथे घातले. राघू नावाच्या माणसाबद्दल विचारलं. राघू पुष्कळ होते. जिवंत होते, जाळी विणत होते, आणि शंभर वर्षांपूर्वी बोटीतून गेलेला कुणी त्यांना आठवत नव्हता. एका म्हातारीनं त्याला तळलेले बांगडे खाऊ घातले आणि परत यायला सांगितलं. तो दोन दिवस राहून माघारी फिरला.

बेटावर जायची त्याची बोट मुंबईहून सुटणार होती. त्याआधी तो एकदा बनाबाईकडं गेला. गोठ्यात एकच म्हैस उरली होती. शेजारच्या बंगल्यात नवीन लोक आले होते आणि त्यांची वासाबद्दल तक्रार होती.

"गावलं का कुनी?" बनाबाईनं विचारलं.

"नाही."

"न्हाई?"  म्हैस वळून बघत होती. तिला पाणी पाजायची वेळ झाली होती. "मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि बादली उचलून आडाकडं निघाली. सोमनाथनं तिच्या हातातली बादली घेतली. तिनं ती घेऊ दिली.

म्हैस पाणी पिऊन झाल्यावर तो निघाला.